शुद्धिपत्रातच चूक असेल तर?



एखादे जुने मराठी पुस्तक हाती घेतलेत तर त्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ‘शुद्धिपत्र’ नावाचा एक तक्ता कित्येकदा आढळेल. पृष्ठ अमुक, ओळ तमुक, अशुद्ध हे, शुद्ध ते, अशी ती चार रकान्यांची यादी असते. पुस्तक छापून झाल्यावर चुका ध्यानात आल्या, सगळी पाने पुन्हा छापणे परवडणारे नव्हते, म्हणून वाचकाला केलेली ती विनंती असते: एवढे शब्द आपल्या हाताने दुरुस्त करून घ्यावेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत अशा एका शुद्धिपत्राने मोठी गंमत केली. प्रयोगपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत ३१ व्या पृष्ठावर नवव्या ओळीत तारेचा व्यास ‘०.५ सेंटिमीटर’ असा छापला गेला होता. हवा होता अर्धा मिलिमीटर. म्हणून एक चिठ्ठी छापून प्रत्येक पुस्तिकेत घातली गेली: ‘पृष्ठ ३१, ओळ ९. सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर वाचावे.’ पुढे दुसरी आवृत्ती निघाली. चूक दुरुस्त झाली, नवे प्रयोग आले, पाने पुढेमागे सरकली. पण कपाटातला जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच राहिला होता, आणि कोणीतरी तो नव्या पुस्तिकांत वाटून टाकला. नव्या पुस्तिकेत ३१ व्या पृष्ठावरची नववी ओळ होती, ‘लंबकाची लांबी १०० सेंटिमीटर घ्यावी.’

एका गटाने चिठ्ठीबरहुकूम शब्द खोडला आणि १०० मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर लांबीचा लंबक टांगला. २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागायचे, ते १२.७ सेकंदांतच झाले. आकडेमोडीच्या छापील तक्त्यात लांबी एक मीटर धरलेली होती, त्यामुळे गुरुत्वत्वरण निघाले ९८! पृथ्वीचे आकर्षण एका दुपारीत दसपट झाले. मुलांनी तीन घड्याळे बदलून पाहिली. चिठ्ठीवर मात्र कोणाचा संशय गेला नाही.

आता विचार करा, चूक कोणाची? पुस्तिका बरोबर होती. चिठ्ठीही तिच्या मूळ पुस्तिकेपुरती बरोबरच होती. चुकले ते एवढेच, की चिठ्ठी लावणाऱ्याने ‘ही चिठ्ठी या पानासाठीच आहे ना?’ हा प्रश्न विचारला नाही. संगणकाच्या जगात हेच काम करणारी एक आज्ञावली आहे. तिला हा प्रश्न विचारायला कसे शिकवायचे, हा आजच्या पाठाचा विषय.

ठिगळ लावणारी आज्ञावली

संगणकाची आज्ञावली ही मुळात माणसाने लिहिलेला मजकूरच असते. ओळीखाली ओळ अशा हजारो, कधी लाखो ओळी. या मजकुराला आपण मूळ संहिता म्हणू. तिच्यात सुधारणा करायची म्हणजे काही ओळी काढायच्या, काही घालायच्या.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी ‘डिफ’ नावाची आज्ञावली तयार केली. जुनी आणि नवी संहिता तिच्यापुढे ठेवली की दोहोंतला फरक ती ओळीओळींनी सांगते. जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी तिच्यामागची गणिती रीत १९७६ साली प्रसिद्ध केली. डिफ म्हणजे शुद्धिपत्र तयार करणारे यंत्र, असे समजा.

मग ते शुद्धिपत्र जुन्या संहितेला लावायचे कोणी? पहिल्यांदा माणसेच ते हाताने करीत. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाची आज्ञावली लिहून हे काम यंत्राकडे सोपवले. (याच वॉल यांनी पुढे १९८७ साली ‘पर्ल’ ही संगणकभाषा तयार केली.) पॅच म्हणजे ठिगळ. नाव साधे, पण त्यामागची सोय मोठी होती. त्या काळी संगणक एकमेकांशी दूरध्वनीच्या तारेवरून बोलत. समजा, तारेवरून सेकंदाला १२० अक्षरे जातात आणि संहिता तीन लाख अक्षरांची आहे. ती पूर्ण पाठवायला २,५०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ४२ मिनिटे लागतील. बाराशे अक्षरांचे शुद्धिपत्र मात्र दहा सेकंदांत पोहोचेल. हजारो मैल दूर असलेली माणसे एकच आज्ञावली मिळून सुधारू शकली, त्याला ही काटकसरही कारणीभूत होती. आज तारा वेगवान झाल्या आहेत, तरी पद्धत तीच आहे. कारण ‘नेमके काय बदलले’ हे वाचून तपासणे माणसाला सोपे जाते.

शुद्धिपत्राची रचना

१९९० च्या सुमारास प्रचारात आलेली आणि आजही सर्रास वापरली जाणारी रचना पाहा. आमच्या लंबकाची दुरुस्ती तिच्यात अशी लिहिता येईल:

--- जुनी/लंबक
+++ नवी/लंबक
@@ -७,४ +७,५ @@
 दोऱ्याला गोळा बांधावा.
-लांबी १०० मिलिमीटर घ्यावी.
+लांबी १०० सेंटिमीटर घ्यावी.
+लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी.
 गोळा थोडा बाजूला ओढून सोडावा.
 २० आंदोलनांचा वेळ मोजावा.

पहिल्या दोन ओळींत फाइलचे नाव आहे. तिसरी ओळ हे शीर्षक. ते सांगते, की जुन्या फाइलमधल्या सातव्या ओळीपासूनच्या ४ ओळी घ्या. त्यांच्या जागी नव्या फाइलमध्ये सातव्या ओळीपासून ५ ओळी होतील. त्याखालच्या प्रत्येक ओळीचे पहिले चिन्ह महत्त्वाचे. वजाचे चिन्ह असेल तर ती ओळ काढायची, अधिकाचे असेल तर घालायची, आणि जागा रिकामी असेल तर ती ओळ जशीच्या तशी ठेवायची.

जी ओळ बदलायची नाही ती लिहायचीच कशाला? तीच तर आमच्या चिठ्ठीत नव्हती! या ओळींना संदर्भ-ओळी म्हणतात. पॅच त्या फाइलमधल्या ओळींशी ताडून पाहते. जुळल्या तरच हात लावते. आमच्या चिठ्ठीवर ‘मागची ओळ: तार स्क्रू गेजच्या जबड्यात धरावी’ एवढे जरी छापलेले असते, तरी लंबकाच्या पानावर ती चिठ्ठी लावायला कोणीही धजले नसते.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेलच. शीर्षकातले आकडे आणि खालच्या ओळी यांचा ताळा जमला पाहिजे. रिकाम्या चिन्हाच्या ३ आणि वजाची १, मिळून ४. रिकाम्या ३ आणि अधिकाच्या २, मिळून ५. ताळा जमला. वाण्याच्या बिलात जिनसांची बेरीज आणि शेवटचा आकडा जुळतो का पाहतात, तसेच हे.

बिघडलेले शुद्धिपत्र

आता खरा प्रश्न. शुद्धिपत्र दुसरीकडून येते. वाटेत ते अर्धवट तुटू शकते, त्यातले एखादे चिन्ह बदलू शकते, किंवा कोणी मुद्दाम खोटे शुद्धिपत्र रचून पाठवू शकतो. अशा आदानाला ठिगळ लावणाऱ्या आज्ञावलीने कसे तोंड द्यावे? संकटे तीन प्रकारची आहेत. एकेक पाहू.

पहिले संकट आकड्यांचे. समजा, शीर्षकात ४ ओळी लिहिल्या आहेत आणि प्रत्यक्षात दोनच आल्या. आकड्यावर विसंबलेली आज्ञावली उरलेल्या दोन ओळी ‘वाचू’ लागेल. पॅच ही सी या भाषेत लिहिलेली आहे, आणि सी भाषेत आखून दिलेल्या खणांच्या पलीकडे हात गेला तर भाषा स्वतःहून अडवत नाही. चार खणांच्या कपाटात पाचवा खण उघडायला गेलात तर शेजारच्याच्या कपाटात हात जावा, तसे होते. तिथे जे काही असेल ते ओळ समजून घेतले जाते, किंवा आज्ञावली कोसळते. ही भीती काल्पनिक नाही. ग्नू प्रकल्पाच्या पॅचमध्ये २.७.६ या आवृत्तीच्या आधी असाच, स्मृतीतल्या आखलेल्या जागेबाहेर जाण्याचा दोष होता. मुद्दाम बिघडवलेली फाइल पुढे केली की तो उघडा पडे.

आकडा फार मोठा असला तर वेगळेच घडते. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ किलोमीटरनंतर पुन्हा ००००० येत असे. संगणकातील संख्येलाही ठरावीक घरे असतात. ३२ द्विअंकी घरांत, ऋण संख्यांसह मोजताना, सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ मावते. तीत १ मिळवला की कित्येकदा थेट ऋण संख्या हाती येते. मग ‘ऋण दोनशे कोटी ओळींसाठी जागा ठेवा’ असल्या आज्ञेचे काय व्हायचे ते सांगणे कठीण! एरियन-५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण ४ जून १९९६ रोजी झाले. त्यात वेगासंबंधीची एक मोठी संख्या १६ घरांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही. तेथे जास्तीत जास्त ३२७६७ मावते. दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली आणि सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

यावरचा उपाय शाळेतल्या बीजगणिताचा आहे. संगणक ‘१२३’ ही संख्या अंकाअंकाने वाचतो. आधी १, मग १×१०+२, मग १२×१०+३. आतापर्यंतची संख्या न, पुढचा अंक अ आणि कमाल मर्यादा म असे मानू. अट अशी, की न×१०+अ ही संख्या म पेक्षा मोठी होता कामा नये. पण ती तपासण्यासाठी डावी बाजू काढायला गेलो तर मीटर तिथेच उलटेल. म्हणून असमानता फिरवून लिहायची: न हा (म−अ)÷१० पेक्षा मोठा नसावा. भागाकारात पूर्णांकच घ्यायचा. समजा मर्यादा ९९ आहे. न १२, अ ३. (९९−३)÷१० म्हणजे ९. बारा हे नवापेक्षा मोठे, म्हणून संख्या नाकारायची. मीटर उलटण्यापूर्वीच आपण थांबलो. असमानतेच्या बाजू बदलण्याचा सराव शाळेत कशासाठी करवून घेतात, असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

दुसरे संकट नावाचे. दुरुस्ती कोणत्या फाइलमध्ये करायची ते शुद्धिपत्रच सांगते. संगणकात फाइलच्या नावात दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ लिहिली की तिचा अर्थ ‘या फोल्डरमधून बाहेर, एक पायरी वर’ असा होतो. असे चारपाच वेळा लिहिले की स्वारी तुमच्या कामाच्या फोल्डरमधून निघून संगणकाच्या माजघरात! तुम्ही म्हणता, ‘लंबकाची फाइल सुधार’, आणि शुद्धिपत्र सुधारते भलतीच. २०१० च्या नोंदक्रमांकाने पॅचमधला हा दोष जाहीर झाला. उपाय उघड आहे. वर चढणारी किंवा थेट मुळापासून सुरू होणारी नावे नाकारायची.

एवढ्याने भागले का? नाही. संगणकात फाइलऐवजी नुसती ‘पाटी’ ठेवता येते. तिच्यावर दुसऱ्या जागेचा पत्ता असतो आणि पाटीवर लिहिलेले त्या जागी जाऊन पोहोचते. २०१५ साली असे ध्यानात आले, की शुद्धिपत्राचा पहिला भाग अशी बाहेर बोट दाखवणारी पाटी तयार करू शकतो आणि दुसरा भाग अगदी साळसूद नावाने त्या पाटीवर लिहू शकतो. दोन्ही नावांत टिंबे नाहीत, रेघ नाही. प्रत्येक पाऊल एकेकटे पाहिले तर निर्दोष. दोन्ही मिळून चोरी! म्हणून नाव तपासताना अक्षरे पाहून भागत नाही. त्या नावाच्या वाटेने चालत गेल्यावर आपण कोठे पोहोचतो, हे पाहावे लागते.

तिसरे संकट सर्वांत गंभीर, मजकूर आणि हुकूम यांच्या सरमिसळीचे. डिफ आणखी एका जुन्या रचनेत शुद्धिपत्र देऊ शकते. त्यात ‘एड’ या युनिक्समधील जुन्या संपादन-आज्ञावलीसाठी सरळ आज्ञाच लिहिलेल्या असतात. असे शुद्धिपत्र आले की पॅच ते स्वतः लावत नसे. एडला बोलावून तिच्या हाती देत असे. पण एडला संपादनाखेरीज आणखी एक गोष्ट येते. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ दिसली की पुढे लिहिलेला कोणताही हुकूम ती संगणकाकडून पार पाडून घेते. म्हणजे शुद्धिपत्रात ‘सगळ्या फाइली पुसा’ असे लिहून पाठवता आले असते. शब्द सुधारायला आलेल्या माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्यासारखेच हे झाले. २०१८ साली हा दोष जाहीर झाला, तोही २.७.६ या तेव्हाच्या ताज्या आवृत्तीत.

दुरुस्ती कशी केली ते पाहण्यासारखे आहे. तोपर्यंत पॅच एकेक ओळ नळीतून सोडावी तशी एडकडे सोडत असे. अशा वेळी एडला एखादी ओळ कळली नाही तर ती तक्रार करून पुढच्या ओळीकडे वळे. वाईट ओळींच्या मागून येणारी घातक ओळ त्यामुळे सुखरूप पोहोचे. नव्या रीतीत सर्व आज्ञा आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि ती फाइल एडला दिली जाते. फाइलमधून वाचताना पहिली न कळणारी आज्ञा येताच एड काम सोडून थांबते. ‘न कळले तर पुढे चला’ याच्या जागी ‘न कळले तर थांबा’ आले. आणखी एक फट दिसली. पॅच एडला बोलावताना मध्ये हुकूम पोचवणाऱ्या दुभाष्याची मदत घेई, आणि काही खास चिन्हे पाहिली की तो दुभाषाच ती हुकूम समजून पाळू लागे. म्हणून तो मध्यस्थ काढून एडला थेट बोलावण्याची सुधारणा झाली.

कडकपणा किती असावा?

हे वाचून तुम्ही म्हणाल, पहिल्या लेखकाने एवढाही विचार केला नव्हता का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. पॅच मुद्दामच समजूतदार बनवलेली होती. शुद्धिपत्र एखाद्या पत्राच्या मध्यभागी आले, वर ‘सप्रेम नमस्कार’ आणि खाली सही असली, तरी ती आजूबाजूचा मजकूर सोडून नेमके शुद्धिपत्र शोधून काढते. ओळींचे क्रमांक सरकले असले तर पुढेमागे शोधून संदर्भ-ओळींवरून जागा हुडकते. ते जमले नाही तर कडेच्या एकदोन संदर्भ-ओळींकडे काणाडोळा करूनही पाहते. एखादा भाग बसलाच नाही तर तो वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवते, म्हणजे माणसाला पाहता येईल. शुद्धिपत्र आधीच लावलेले दिसले तर ‘हे उलटे किंवा पूर्वीच लावलेले दिसते’ असे सांगून विचारतेसुद्धा. ओळखीच्या मित्रांत देवघेव चालते तेव्हा असा समजूतदारपणा हा गुणच.

पण मित्रांचे वर्तुळ वाढत वाढत जगाएवढे झाले, की त्याच गुणाकडे नव्याने पाहावे लागते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या ‘गिट’ या व्यवस्थेतला शुद्धिपत्र लावणारा भाग पाहा. तो सहसा संदर्भ-ओळींकडे काणाडोळा करत नाही, आणि शुद्धिपत्रातला एक भाग जरी बसला नाही तरी आपण होऊन काहीच बदलत नाही. लागले तर संपूर्ण, नाहीतर मुळीच नाही. अर्धवट सुधारलेली संहिता ही जुन्यापेक्षाही वाईट, कारण ती ना पहिल्या आवृत्तीची असते ना दुसऱ्या.

मग सवलत द्यायची कोठे आणि नाकारायची कोठे? मला पटणारा नियम असा: जेथे चूक झाली तर ती दिसेल आणि परतवता येईल, तेथे सवलत चालेल. जागा दोन ओळींनी सरकली, संदर्भ जुळतो आहे, पॅचने तसे कळवलेही आहे, ठीक. पण फोल्डरबाहेर लिहिणे किंवा परका हुकूम चालवणे ही पावले मागे घेता येत नाहीत. तेथे सवलत शून्य.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो. विद्युतमंडल जोडून झाले की कळ दाबण्यापूर्वी शिक्षकांना दाखवा, असा नियम असतो. तारा वेड्यावाकड्या दिसल्या तरी चालेल. पण ॲमीटर घटाला समांतर जोडलेला चालणार नाही. शिवाय मंडलात फ्यूज असतोच, कारण शिक्षकाचीही नजर चुकते. चांगल्या आज्ञावलीतही असे दुहेरी रक्षण असते. आधी संपूर्ण शुद्धिपत्र वाचून ताळा पाहायचा. मग बदल मूळ फाइलवर न करता वेगळ्या प्रतीवर करायचा. सर्व नीट झाले की शेवटी ती प्रत मूळ नावाने ठेवायची. आधी रफ वही, मग जर्नल! मध्येच वीज गेली तरी मूळ फाइल शाबूत राहते. आणि नकार द्यायचा तर ‘चूक आहे’ एवढेच न म्हणता ‘१४ व्या ओळीत ४ ऐवजी २ च ओळी सापडल्या’ असे स्पष्ट सांगायचे.

वादळाने शिकवलेली परीक्षा

पण आपण सगळ्या चुका आधीच कल्पिल्या आहेत, याची खात्री काय? या प्रश्नाचे उत्तर एका वादळी रात्री सुचले. १९८८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर घरून दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. बाहेर विजा कडाडत होत्या आणि तारेवरच्या खरखरीमुळे त्यांच्या आज्ञांत भलतीच अक्षरे मिसळत होती. खरखर येणे स्वाभाविक होते. नवल याचे, की त्या भलत्या अक्षरांनी चांगल्या नावाजलेल्या आज्ञावल्या कोसळत होत्या.

मिलर यांनी तक्रार न करता त्याचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांकडून त्यांनी वाटेल तशी अक्षरे निर्माण करणारी आज्ञावली लिहून घेतली आणि युनिक्समधल्या नेहमीच्या वापरातल्या आज्ञावल्यांना ती अक्षरे ‘खाऊ’ घातली. १९९० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या युनिक्सच्या निरनिराळ्या प्रकारांवर पाव ते एकतृतीयांश आज्ञावल्या कोसळल्या किंवा अडकून बसल्या होत्या! या पद्धतीला त्यांनी ‘फझ’ हे नाव दिले. आज ती पुष्कळ पुढे गेली आहे. केवळ यदृच्छेने अक्षरे न टाकता, कोणत्या बदलाने आज्ञावली नव्या वाटेला लागली ते पाहून त्याच दिशेने आणखी बदल करणारी साधने आहेत. शुद्धिपत्रासाठी ही पद्धत विशेष सोयीची. चांगले शुद्धिपत्र घ्यायचे, त्यातले एकेक चिन्ह बदलायचे, आणि आज्ञावली काय करते ते पाहायचे.

करून पाहा

हा प्रयोग संगणकाशिवायही वर्गात करता येईल. साहित्य: वही, पेन्सिल आणि एक फासा. तिघांचा गट करा. पहिला ‘संपादक’. त्याने दहा ओळींचा मजकूर लिहावा आणि वर दाखवलेल्या रचनेत त्याचे शुद्धिपत्र तयार करावे. दुसरा ‘वादळ’. त्याने फासा टाकावा. १ पडला तर शुद्धिपत्रातली एक ओळ गाळावी. २ पडला तर शीर्षकातला एक आकडा बदलावा. ३ पडला तर एका ओळीचे अधिक-वजा चिन्ह बदलावे. ४ पडला तर एका संदर्भ-ओळीतला शब्द बदलावा. ५ पडला तर फाइलचे नाव बदलावे. ६ पडला तर काहीच करू नये. तिसरा ‘यंत्र’. त्याने वादळाचा फासा पाहायचा नाही. हाती आलेले शुद्धिपत्र तपासून लावायचे किंवा कारण सांगून नाकारायचे.

असे वीस वेळा करा आणि तीन रकान्यांत नोंद ठेवा: बरोबर लावले, नाकारले, चुकीचे लावले. तिसऱ्या रकान्याकडे लक्ष द्या. पहिला रकाना मोठा असणे ही सोय. तिसरा रकाना शून्य असणे ही सुरक्षितता. तिसऱ्यात नोंद झाली की यंत्राचा नियम सुधारा आणि पुन्हा वीस फेऱ्या घ्या. शिक्षकांनी फळ्यावर सर्व गटांचे आकडे एकत्र लिहिले तर कोणता नियम किती उपयोगी पडला तेही दिसेल.

पुढील प्रश्नांचाही विचार करा.

१. फाइलमध्ये ५० ओळी आहेत. ४८ व्या ओळीपासून ४ ओळी बदला, असे शीर्षक आले. ते नाकारावे का? कोणत्या आकडेमोडीने ठरवाल?

२. वादळाने एका ओळीतले अधिकाचे चिन्ह वजा केले आणि शीर्षकातले दोन्ही आकडेही योग्य तेवढे बदलले, तर ताळा जमेल. मग चूक कशाने पकडली जाईल?

३. घालायच्या ओळीतलाच एखादा शब्द बदलला असेल, तर आपल्या एकाही नियमाने तो पकडला जाईल का?

तिसऱ्या प्रश्नाशी जरा थांबा. तो कोणत्याच नियमाने पकडला जाणार नाही. रचना अगदी निर्दोष, ताळा बरोबर, संदर्भ जुळतो, आणि तरीही मजकूर चुकीचा. आज्ञावली शुद्धिपत्राचा आकार तपासू शकते. त्याचा अर्थ बरोबर आहे की नाही, हे ते वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते. यंत्राची तपासणी कडक करायची ती याचसाठी, की माणसाचे लक्ष आकडे मोजण्यात न जाता अर्थाकडे मोकळे राहावे.

आमच्या प्रयोगशाळेत आता शुद्धिपत्राच्या चिठ्ठीवर आवृत्तीचा क्रमांक आणि मागची-पुढची ओळ छापलेली असते. तरीसुद्धा गुरुत्वत्वरण ९८ निघाले, तर घड्याळ बदलण्यापूर्वी चिठ्ठी पुन्हा वाचावी, असे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो.